‘भारतात ज्यूंना कधीच भेदभाव सोसावा लागला नाही’ या विधानाचा प्रतिवाद : कोचीनचे वकील ए. बी. सालेम यांच्या आयुष्याच्या साक्षीने

गेली काही वर्षे एक मजकूर मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांतून फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, आशय मात्र ठरलेला असतो. जगात सर्वत्र ज्यूंचा छळ झाला, भारतात मात्र दोन हजार वर्षांत त्यांच्या केसालाही धक्का लागला नाही. या भूमीवर त्यांना कोणताही भेदभाव कधीच सोसावा लागला नाही. त्यामुळे हक्कांसाठी लढण्याची किंवा राजकारणात पडण्याची त्यांना गरज भासली नाही. आणि इस्रायल स्थापन झाल्यावर ते कृतज्ञ अंतःकरणाने या देशाचा निरोप घेऊन गेले, असा तो मजकूर आहे. वाचणाऱ्याला तो सुखावतो आणि म्हणूनच न तपासता पुढे जातो. त्यात सत्याचा अंश मोठा आहे. किंबहुना तो मोठा असल्यामुळेच त्याला चिकटलेली चुकीची विधाने सहज खपून जातात.

या मजकुराला उत्तर म्हणून आकडेवारीपेक्षा एका माणसाचे आयुष्य पुढे ठेवणे मला अधिक योग्य वाटते. अब्राहम बराक सालेम हे आजच्या केरळातील कोचीन संस्थानातले ज्यू वकील, तेथील विधिमंडळाचे सदस्य, कामगार चळवळीचे पाठीराखे आणि काँग्रेसच्या स्वातंत्र्यलढ्याचे समर्थक होते. त्यांचा जन्म १८८२ चा आणि मृत्यू १९६७ चा. वरच्या मजकुरातील जवळजवळ प्रत्येक वाक्य या पंचाऐंशी वर्षांच्या आयुष्याला येऊन अडखळते.

आधी जे खरे आहे ते मान्य करायला हवे. इसवी सन १००० च्या सुमारास चेर राजा भास्कर रविवर्मा याने जोसेफ रब्बान नावाच्या ज्यू पुढाऱ्याला दिलेले ताम्रपट आजही उपलब्ध आहेत. पालखी, छत्री, दिवसा दिवे लावण्याचा मान, वाद्ये वाजवण्याचा अधिकार, करांतून सूट असे बहात्तर हक्क त्यांत नोंदले आहेत. त्या काळच्या केरळात छत्री कोणी धरावी आणि कोणी धरू नये यालाही कडक नियम होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या सनदेचे वजन कळते. पुढे कोडुंगल्लूरमधून उखडलेल्या ज्यूंना कोचीनच्या राजाने मट्टांचेरीत थेट स्वतःच्या राजवाड्याला आणि देवळाला लागून जागा दिली आणि तेथे १५६८ साली ‘परदेशी सिनेगॉग’, म्हणजे बाहेरून आलेल्या ‘परदेशी’ ज्यूंचे प्रार्थनास्थळ, उभे राहिले. कोकणातले बेने इस्रायल हे ज्यू तर शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनवार तेली’ म्हणून गावगाड्यात शतकानुशतके सामावून गेले होते आणि धर्म पाळला म्हणून त्यांना कोणी त्रास दिल्याची परंपरा नाही. युरोपात ज्या प्रकारच्या कत्तली आणि हकालपट्ट्या झाल्या तसले काही एतद्देशीय हिंदू राजांच्या अमलाखाली घडले नाही. एवढे म्हणून मजकूर थांबला असता तर त्याचा प्रतिवाद करण्याचे कारणच उरले नसते.

‘केसालाही धक्का लागला नाही’ हे पहिले विधान मात्र भूगोलाच्या पातळीवरच टिकत नाही. १५२४ साली मिऱ्यांच्या व्यापारातील स्पर्धेतून कोडुंगल्लूरच्या ज्यूंवर मोठा हल्ला झाला आणि त्यांची घरे व सिनेगॉग जाळली गेली. मट्टांचेरीकडे झालेल्या स्थलांतरामागे हे एक कारण होते. १६६२ मध्ये ज्यूंनी डचांना मदत केल्याचा राग काढताना पोर्तुगीजांनी परदेशी सिनेगॉगची नासधूस केली आणि पुढच्याच वर्षी डचांनी कोचीन जिंकल्यावर त्याची डागडुजी होऊ शकली. आणि गोवा? १५६० मध्ये तेथे बसवलेल्या धर्मन्यायालयाचे एक प्रमुख लक्ष्य पोर्तुगालमधून आलेले, बाटवलेले पण मनाने ज्यू राहिल्याचा संशय असलेले लोक हे होते. भारतातील औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिणारा गार्सिया द ओर्ता हा अशाच कुटुंबातला वैद्य गोव्यात राहत होता आणि मुंबई बेट एके काळी त्याच्याकडे पट्ट्याने होते. त्याच्या मृत्यूनंतर १५६९ मध्ये त्याच्या बहिणीला गोव्यात जिवंत जाळण्यात आले आणि १५८० मध्ये खुद्द त्याची हाडे उकरून काढून जाळली गेली. ‘हे पोर्तुगीजांनी केले, आपण नव्हे’ असे उत्तर यावर मिळते. ते उत्तर बरोबर आहे, पण मग विधानही तसेच लिहायला हवे. ‘भारताच्या भूमीवर’ हे शब्द वापरायचे आणि गोवा त्या भूमीतून सोयीने वगळायचा, असे चालणार नाही.

तरीही हा भाग गौण आहे. खरा मुद्दा ‘कोणताही भेदभाव सोसावा लागला नाही’ या दुसऱ्या विधानाचा आहे आणि सालेम यांचे आयुष्य सुरू होते तेही तेथूनच.

कोचीनच्या ज्यूंमध्ये तीन थर होते. सर्वांत जुना आणि संख्येने सर्वांत मोठा थर मलबारी ज्यूंचा. मट्टांचेरी, एर्नाकुलम, परवूर, चेन्नमंगलम, माळा अशा ठिकाणी त्यांची स्वतःची सिनेगॉग होती. दुसरा थर परदेशी ज्यूंचा. १४९२ मध्ये स्पेनमधून हकालपट्टी झाल्यानंतरच्या काळात स्पेन, सीरिया, इराक आणि अन्य ठिकाणांहून जी कुटुंबे आली ती ही. संख्येने ती कधी फार नव्हती, पण व्यापार, डच कंपनीशी असलेले संबंध आणि राजदरबारातील वजन यांमुळे त्यांनी स्वतःला ‘गोरे ज्यू’ आणि आधीच्यांना ‘काळे ज्यू’ म्हणवण्याइतकी सत्ता कमावली. तिसरा थर मेशुहरारिम यांचा, म्हणजे परदेशी ज्यूंच्या घरातील ज्या गुलामांना ज्यू धर्माची दीक्षा देऊन मुक्त करण्यात आले त्यांच्या वंशजांचा. यांना स्वतंत्र सिनेगॉग नव्हते, ते परदेशी सिनेगॉगलाच जोडलेले होते. सालेम या तिसऱ्या थरातले. फिरणाऱ्या मजकुरांत त्यांचा उल्लेख आलाच तर ‘काळ्या ज्यूंचे नेते’ असा येतो. तो चूक आहे आणि ही चूक किरकोळ नाही, कारण मलबारी ज्यू गुलामांचे वंशज आहेत हा परदेशी ज्यूंनी पसरवलेला समज तिच्यामुळे नकळत पक्का होतो. ज्या समाजाकडे जोसेफ रब्बानचा वारसा होता त्यालाच दास ठरवण्याची ती जुनी युक्ती आहे. ताम्रपटसुद्धा परदेशी सिनेगॉगच्याच ताब्यात गेले, हा त्यातला आणखी एक उपरोध.

भेदभाव कसा होता हे समजण्यासाठी ती वास्तू डोळ्यांसमोर आणावी लागेल. पादत्राणे बाहेर काढून आधी एका लहानशा दालनात यायचे आणि तेथून मुख्य सभागृहात. पायाखाली चीनच्या कँटनमधून अठराव्या शतकात आणलेल्या, हाताने रंगवलेल्या निळ्यापांढऱ्या फरश्या आणि वर काचेची झुंबरे. मधोमध पितळी कठड्याने वेढलेला, धर्मग्रंथ वाचण्याचा चौथरा, आणि वरच्या सज्जात, स्त्रियांच्या बसण्याच्या जागेपुढे, सणावारी वापरायचा दुसरा चौथरा. हा दुहेरी चौथऱ्याचा थाट केरळातील सिनेगॉगांचे खास वैशिष्ट्य आहे. भिंतींच्या कडेने बाके आहेत. प्रश्न त्या बाकांचा होता. मेशुहरारिमांना बाकावर बसण्याचा हक्क नव्हता. जमिनीवर, मागच्या बाजूला किंवा बाहेरच्या दालनात बसूनच प्रार्थना करावी लागे. धर्मग्रंथाच्या वाचनासाठी पुढे बोलावले जाण्याचा मान सर्वसाधारणपणे त्यांना मिळत नसे. परदेशी ज्यूंच्या दफनभूमीत त्यांना जागा नव्हती. सोयरीक तर कल्पनेबाहेरची गोष्ट.

अशा घरात जन्मलेला मुलगा एर्नाकुलमच्या महाराजा कॉलेजात शिकतो, मद्रासला जाऊन पदवी घेतो, तेथेच कायद्याचा अभ्यास पुरा करतो आणि एर्नाकुलमला परतून वकिली सुरू करतो. त्याच्या समाजातला तो पहिला पदवीधर. कोर्टात न्यायाधीश त्याला आदराने ऐकून घेतात, पक्षकार त्याच्या शब्दावर विसंबतात. पण शनिवारी सिनेगॉगमध्ये गेल्यावर, ज्यांच्या घरात वकील सोडाच पदवीधरही नसेल अशांच्या पायाशी त्याने बसावे अशी अपेक्षा असते. सालेम यांनी ही अपेक्षा मान्य केली नाही. काही काळ त्यांनी त्या सिनेगॉगवर बहिष्कार टाकला आणि सत्याग्रहाचा मार्ग धरला. पुढे काहींनी त्यांना ‘ज्यू गांधी’ म्हटले ते यामुळे.

येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते, कारण माणूस ओळखायला ती उपयोगी पडते. याच सिनेगॉगची थोरवी सांगणारी एक पुस्तिका सालेम यांनी १९२९ साली प्रसिद्ध केली. ज्या वास्तूने त्यांना बाक नाकारले तिचा इतिहास त्यांनी अभिमानाने लिहिला. बाहेर पडून वेगळी चूल मांडण्याचा त्यांचा विचार नव्हता. ही वास्तू माझीही आहे, असा त्यांचा दावा होता. वकिलाच्या भाषेत बोलायचे तर ते वाटणी मागत नव्हते, वहिवाटीचा हक्क मागत होते.

या टप्प्यावर मजकुराचे समर्थक दोन आक्षेप घेतात. पहिला आक्षेप असा की हा ज्यूंचा आपापसातला, धर्मांतर्गत मामला होता. भारताचा त्याच्याशी काय संबंध? दुसरा त्याच्याच पोटातला, की हा वर्णभेद ते बाहेरून घेऊन आले.

पहिल्या आक्षेपाला ज्यू धर्मशास्त्रच उत्तर देते. सोळाव्या शतकात कोचीनमधील काही कुटुंबे दुसऱ्या कुटुंबांना गुलामांची अवलाद ठरवून त्यांच्याशी सोयरीक नाकारत असल्याचा प्रश्न कैरोचे धर्मपंडित डेव्हिड इब्न अबी झिम्रा यांच्याकडे गेला होता. त्यांचा निर्वाळा असा होता की विधिपूर्वक स्नान आणि दीक्षा झाल्यावर ही माणसे पूर्ण ज्यू ठरतात आणि त्यांच्याशी विवाह करण्यास आडकाठी नाही. निर्वाळा आला, आणि परिस्थिती चारशे वर्षे जागची हलली नाही. धर्मशास्त्र एक सांगत असताना व्यवहार दुसरेच करत असेल, तर त्या व्यवहाराचे मूळ धर्मशास्त्रात शोधून उपयोग नाही, ते शेजारात शोधावे लागते. देवळाच्या वाटेवरून कोणी चालावे, कोणी किती अंतरावर थांबावे, कोणाच्या सावलीने कोण बाटते याचे मोजमाप असलेल्या प्रदेशात ही मंडळी राहत होती. त्या उतरंडीत आपण वरच्या पायरीवर आहोत हे राजाला आणि शेजारच्या उच्चवर्णीयांना दाखवायचे असेल, तर आपल्या खाली कोणीतरी असणे आवश्यक होते. बसण्याची जागा, स्मशान आणि लग्न या तीन ठिकाणी रेघ ओढायची, ही पद्धत कोणत्याही भारतीय वाचकाला वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

मराठी वाचकाला तर मुळीच नाही. कोकणातल्या बेने इस्रायलांमध्येही ‘गोरे इस्रायल’ आणि ‘काळे इस्रायल’ असे दोन भाग होते. ज्यांची आई किंवा आजी समाजाबाहेरची होती असे मानले जाई ते काळे. या दोन भागांत रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार नसल्याची नोंद एकोणिसाव्या शतकातील कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आहे. अलिबागच्या परिसरातले तेली आणि मट्टांचेरीचे व्यापारी यांचा एकमेकांशी फारसा संबंध नव्हता. तरीही दोघांनी आपापल्या घरात एकाच घाटाची भिंत बांधली, हे निव्वळ योगायोगाने घडले असे मानणे कठीण आहे.

दुसऱ्या आक्षेपात मात्र तथ्य आहे आणि ते झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. गुलामांच्या वंशजांना सिनेगॉगमध्ये दुय्यम लेखण्याचा प्रकार फक्त कोचीनमध्ये झाला असे नाही. दक्षिण अमेरिकेतील सुरिनाममध्ये, जेथे जातिव्यवस्थेचा वाराही नव्हता, मिश्र वंशाच्या ज्यूंना वेगळ्या बाकावर बसवले जाई आणि त्याविरुद्ध त्यांनीही अठराव्या शतकात स्वतःचा संघ काढला होता. स्पेन-पोर्तुगालमधून आलेल्या घराण्यांना रक्ताच्या शुद्धतेचे वेड तेथेच जडले होते, आणि गंमत अशी की ज्या कल्पनेने त्यांना देशोधडीला लावले तीच बरोबर घेऊन ते निघाले. १६८६ मध्ये ॲमस्टरडॅमहून मोझेस परेरा द पैव्हा कोचीनला आला, तेव्हा त्याच्या अहवालातही गोऱ्यांनी काळ्यांना दूर ठेवण्याच्या प्रथेची नोंद झाली आणि तीत त्याला फारसे वावगे वाटल्याचे दिसत नाही. सबब, सगळे पाप जातिव्यवस्थेच्या माथी मारणेही बरोबर नाही. बाहेरून आलेल्या बीजाला येथे तयार जमीन मिळाली, इतके म्हणता येते. पण एवढे मान्य केल्यावरसुद्धा ‘या भूमीवर कोणताही भेदभाव नव्हता’ हे वाक्य खोटेच राहते, कारण ज्याला तो सोसावा लागला तो माणूस ज्यू होता आणि याच भूमीवर जन्मला होता.

आता तिसरे विधान : ज्यूंना हक्कांसाठी लढावे लागले नाही आणि ते राजकारणापासून दूर राहिले.

कोचीन संस्थानात १९२५ साली विधिमंडळ स्थापन झाले आणि सालेम त्याच वर्षी त्याचे सदस्य झाले. १९३१ पर्यंत आणि पुन्हा १९३९ ते १९४५ असे दोन कालखंड त्यांनी तेथे काढले. कामगार संघटना बाल्यावस्थेत असताना ते त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि एर्नाकुलममधील त्यांची उघड्यावरची भाषणे एवढी नेमाची झाली की ते बोलत त्या उंचवट्याला लोक त्यांचेच नाव देऊ लागले. १९२९ च्या डिसेंबरात पूर्ण स्वराज्याचा ठराव करणाऱ्या काँग्रेसच्या लाहोर अधिवेशनाला ते हजर होते. याचे महत्त्व समजण्यासाठी एक बारकावा लक्षात ठेवायला हवा. कोचीन हे संस्थान होते, ब्रिटिश मुलूख नव्हे, आणि त्या काळी संस्थानांच्या अंतर्गत कारभारात हात न घालण्याचे काँग्रेसचे धोरण होते. संस्थानी प्रजाजनाने, तेही सनदी वकील आणि विधिमंडळाचा सदस्य असलेल्या माणसाने, देशाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन ब्रिटिश सत्तेपासून पूर्ण स्वातंत्र्य मागणाऱ्या अधिवेशनाला बसणे ही त्याच्या पोटापाण्याच्या दृष्टीने शहाणपणाची गोष्ट नव्हती.

याच काळाशी जोडलेली एक विसंगती मला नेहमी विलक्षण वाटते. सालेम विधिमंडळात गेले तेव्हा दिल्लीत व्हाइसरॉयच्या खुर्चीवरही एक ज्यू वकीलच बसलेला होता. लॉर्ड रीडिंग, म्हणजे मूळचे रुफस आयझॅक्स, हे लंडनमधील एका ज्यू फळव्यापाऱ्याचे चिरंजीव. बॅरिस्टर म्हणून नाव कमावून ते इंग्लंडचे सरन्यायाधीश झाले आणि १९२१ ते १९२६ या काळात भारताचे व्हाइसरॉय होते. १९२२ मध्ये गांधीजींवर राजद्रोहाचा खटला भरून त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली ती त्यांच्याच कारकिर्दीत. एक ज्यू वकील साम्राज्याच्या शिखरावर, दुसरा त्याच साम्राज्याच्या मांडलिक संस्थानात गांधींच्या मार्गाने बाकावरील जागेसाठी झगडणारा. ‘ज्यू राजकारणात पडले नाहीत’ असे म्हणणाऱ्याने या दोघांपैकी कोणाला तरी विचारात घेतले आहे का?

मुंबईचे चित्रही निराळे नाही. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांवर भाषणांवरून जामीनकीची कारवाई झाली तेव्हा त्यांच्या बचावाला जिना आणि बॅप्टिस्टा यांच्याबरोबर बॅरिस्टर डेव्हिड एरुलकर उभे होते, आणि एरुलकर बेने इस्रायल होते. १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झालेले डॉ. एलिजा मोझेस हेही ज्यू; वरळी-महालक्ष्मी भागातून रोज जाणाऱ्या कित्येकांना त्यांचे नाव केवळ रस्त्याची पाटी म्हणून माहीत आहे. समाज लहान होता, त्यामुळे पुढारी मोजकेच दिसणार. पण ते होते आणि सत्तेच्या दोन्ही बाजूंना होते.

चौथे विधान निरोपाचे. त्यातली कृतज्ञता खरी आहे. आज इस्रायलमध्ये राहणारे कोचीनचे ज्यू केरळबद्दल जिव्हाळ्यानेच बोलतात. पण ‘इस्रायल झाले आणि ते निघून गेले’ एवढा सरळ तो प्रवास नव्हता. विसाव्या शतकाच्या मध्यावर कोचीनमध्ये सुमारे अडीच हजार ज्यू होते. बहुसंख्य मलबारी ज्यू जायला उत्सुक होते, पण इस्रायलचे आरोग्य अधिकारी त्यांना घ्यायला कचरत होते, कारण केरळच्या किनाऱ्यावर हत्तीरोग होता आणि तो इस्रायलमध्ये पसरेल अशी त्यांना धास्ती होती. काहींनी घरदार विकून टाकले होते आणि परवानगी नाही म्हणून ते ताटकळत बसले होते. मोठे स्थलांतर पन्नाशीच्या दशकाच्या पूर्वार्धात, मुख्यतः १९५३ ते १९५५ या काळात झाले.

सालेम यांची भूमिका येथेही लक्षवेधी आहे. ते झिओनिस्ट, म्हणजे ज्यूंच्या स्वतंत्र मायभूमीचे समर्थक होते. तीसच्या दशकात ते पॅलेस्टाइन पाहून आले होते आणि त्यांच्या एका मुलाचे नावच बाल्फर होते, म्हणजे ज्या ब्रिटिश मंत्र्याच्या जाहीरनाम्याने ज्यूंच्या राष्ट्रीय निवासस्थानाला पाठिंबा दिला त्याच्यावरून ठेवलेले. भारतीय राष्ट्रवाद आणि झिओनिझम हे दोन्ही एका माणसाच्या मनात नांदू शकतात का, असा प्रश्न आज विचारला जातो. सालेम यांना तो पडल्याचे दिसत नाही. पन्नाशीच्या दशकात, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, ते आपल्या लोकांची अडलेली वाट मोकळी करण्यासाठी इस्रायलला गेले आणि तेथील अधिकाऱ्यांपुढे त्यांनी बाजू मांडली. ज्या मलबारी ज्यूंसाठी हे केले ते त्यांच्या सिनेगॉगचे नव्हते, त्यांच्या थरातलेही नव्हते. आणि एवढे करून ते स्वतः मात्र गेले नाहीत. परतून ते कोचीतच राहिले आणि तेथेच वारले. ‘सगळे निघून गेले’ या वाक्यात न बसणारा हा तपशील आहे. परदेशी ज्यूंपैकीही बरेच जण त्या लाटेत गेले नाहीत. ते पुढच्या दशकांत, एकेक कुटुंब करून, व्यापाराच्या बदललेल्या गणितामुळे आणि मुलामुलींची लग्ने जमेनाशी झाल्यामुळे पांगले.

शेवटी, वरच्या मजकुराला उत्तर म्हणून जो उलटा मजकूर फिरू लागला आहे त्याबद्दलही लिहायला हवे. ‘ज्यू गांधींनी एकट्याने कोचीनच्या ज्यूंमधील जातिभेद संपवला’ अशा धर्तीचा तो असतो. सालेम यांच्याबद्दल आदर असूनही हे मान्य करता येत नाही. त्यांच्या आधी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, काही मेशुहरारिम कुटुंबांनी मट्टांचेरी सोडून शेजारच्या ब्रिटिश अमलातील फोर्ट कोचीनमध्ये स्वतंत्र प्रार्थना सुरू करण्याचा प्रयत्न केला होता. तो टिकला नाही, पण लढ्याची सुरुवात तेथे झालेली होती. दुसरे म्हणजे सालेम ज्या वर्षांत लढत होते ती वर्षे केरळाची होती. १९२४-२५ मध्ये वैकोमला देवळाभोवतीच्या रस्त्यांसाठी सत्याग्रह झाला आणि १९३६ मध्ये त्रावणकोरच्या राजाने मंदिरप्रवेशाची घोषणा केली. चहूकडे रस्ते आणि देवळे खुली होत असताना एका लहानशा सिनेगॉगला आपली बाके राखून ठेवणे दिवसेंदिवस अवघड जात होते. डेव्हिड मँडेलबाम हे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ तीसच्या दशकात कोचीनला आले, तेव्हा जुने बरेचसे निर्बंध सुटलेले त्यांना दिसले. त्यात सालेम यांचा वाटा मोठा होता, काळाचाही होता, आणि बापजाद्यांच्या रीतीला कंटाळलेल्या परदेशी घरांतील तरुण पिढीचाही होता.

बाके आणि दफनभूमी यांपेक्षा लग्नाची रेघ अर्थातच अधिक चिवट ठरली. ती ओलांडली गेली १९५० च्या सुमारास, जेव्हा सालेम यांच्या बाल्फर या मुलाने कोडर या नामांकित परदेशी घराण्यातील मुलीशी लग्न केले. त्या लग्नालाही समाजातून विरोध झालाच. मट्टांचेरीच्या ज्यू टाउनमधील एका रस्त्याला आज ए. बी. सालेम यांचे नाव आहे. तो रस्ता ज्या सिनेगॉगकडे जातो तेथे प्रार्थनेसाठी लागणारे दहा पुरुषही आता स्थानिकांतून जमत नाहीत, आणि बाकांवर कोणी बसावे याचा निर्णय तिकीट काढून आलेले पर्यटक स्वतःच करतात.